ओळंब्यातला वाकडेपणा

तीन मजल्यांचा केक. खालचा मजला डावीकडे कललेला, मधला उजवीकडे झुकलेला आणि सगळ्यात वरचा तर आता पडतो की मग, असा. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एखाद्या घरी वाढदिवसाच्या टेबलावर असा केक येतो तेव्हा दोन-तीन पाहुण्यांचे हात नकळत पुढे होतात, पडलाच तर झेलायला. केक पडत नाही. मेणबत्त्या फुंकल्या जातात, आत्या-मामांचे फोटो होतात, कुणीतरी टेबलाला धक्काही देतं, आणि सुरी लागेपर्यंत तो तसाच वाकडा उभा राहतो. मजा अशी की त्याच्या पोटात गवंड्याची पाणसळ ठेवता आली असती, तर बुडबुडा बरोब्बर मधोमध दिसला असता.

आमच्या भागात घरून केक करून देणाऱ्या एका ताईंना मी विचारलं होतं, हा घसरत कसा नाही? त्यांनी क्रीमच्या हातानेच उत्तर दिलं, "भाऊ, तो सरळच आहे. वाकडा फक्त दिसून राहिला."

एवढ्या एका वाक्यात या केकचं सगळं स्थापत्य आलं. पुढचं सगळं त्याचं भाष्य समजा.

सक्करदरा म्हटलं की बाहेरच्यांना तलाव आठवतो, भोसल्यांचा वाडा आठवतो, ताजबागेकडे जाणारी गर्दी आठवते. केकसाठी हा भाग प्रसिद्ध नाही. पण दक्षिण नागपूरच्या या वस्त्यांमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक ओटीजी, एक फिरतं टर्नटेबल आणि एक इलेक्ट्रिक बीटर एवढ्या भांडवलावर केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली भेटतात. गिऱ्हाईक फोनवर फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "सेम असाच पाहिजे." फोटोतला केक अमेरिकेतल्या कुठल्यातरी वातानुकूलित दुकानातला असतो. तो इथे उभा करायचा असतो, मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना.

या केकला तिकडे टॉप्सी-टर्व्ही म्हणतात, किंवा मॅड हॅटर केक. लुईस कॅरलच्या १८६५च्या 'ॲलिस'मधल्या तऱ्हेवाईक टोपीवाल्याच्या चहापार्टीची आठवण म्हणून. तो घराघरांत पोचवण्याचं बरंच श्रेय टीव्हीचं. बाल्टिमोरच्या एका बेकरीवरचा 'एस ऑफ केक्स' २००६ मध्ये सुरू झाला, न्यू जर्सीतल्या होबोकनच्या बेकरीवरचा 'केक बॉस' २००९ मध्ये. करवत, ड्रिल आणि प्लायवूड घेऊन केक करणारी माणसं प्रेक्षकांनी पहिल्यांदाच पाहिली. आपल्याकडे ते पाहून अनेकींना कळलं की केक हा पाककृतीइतकाच सुतारकामाचाही विषय आहे.

आता सुतारकामाकडेच वळू.

समजा तुमच्याकडे २० सेंटिमीटर व्यासाचा, ८ सेंटिमीटर उंचीचा साधा गोल केक आहे. त्याला वरून तिरपा करायचा आहे. पहिला विचार येतो की एका बाजूने कापून टाकावं. तसं केलं तर केक वाया जातो आणि उतारही थोडासाच मिळतो. यावर केकवाल्यांनी काढलेली तोड इतकी देखणी आहे की ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी कागदावर चार वेळा काढून पाहिली. लांब दातेरी सुरी एका बाजूच्या वरच्या काठावर टेकवायची आणि तिरपी नेत समोरच्या बाजूला काठाच्या २.७ सेंटिमीटर खाली बाहेर काढायची. वरचा जो तुकडा सुटतो तो पाचरीच्या आकाराचा असतो. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला २.७ सेंटिमीटर जाडी. ही पाचर फेकायची नाही, तिथल्या तिथे उलथायची. जाड टोक आता उंच बाजूवर येतं आणि धारेचं टोक उतरत्या बाजूवर. मध्ये क्रीमचा पातळ हात दिला की ती चिकटते.

हिशेब करा. एक बाजू ८ अधिक २.७, म्हणजे १०.७ सेंटिमीटर झाली. दुसरी ८ वजा २.७, म्हणजे ५.३. वीस सेंटिमीटरच्या रुंदीत जवळजवळ साडेपाच सेंटिमीटरचा उतार, सुमारे १५ अंशांचा. सुरी मारली होती जेमतेम ८ अंशांत. उतार दुप्पट झाला आणि एक चमचाभर केकही वाया गेला नाही. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं असेल त्याला भूमिती शाळेत आवडत असो वा नसो, हातात नक्की होती.

यानंतर कडेने थोडं खालच्या अंगाला निमुळतं कापतात. वरचा घेर जरा मोठा आणि बुडाचा लहान झाला की डोळ्याला तो मजला आणखीच अधांतरी वाटतो. मधला मजला असाच १५ सेंटिमीटरचा आणि वरचा १० सेंटिमीटरचा करून ठेवायचा.

आणि इथे खरा प्रश्न येतो. खालच्या मजल्याचं छत तिरपं आहे. त्यावर मधला मजला ठेवला तर तो तिरपाच बसणार आणि घसरणार. पंधरा अंशांच्या उतारावर कुठल्याही वस्तूच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग तिला खाली ओढत असतो. वरचे दोन मजले मिळून दोन किलोचे असतील तर अर्धा किलोची ओढ, दिवसभर, अविरत. तिला अडवायला मध्ये काय आहे? लोणी आणि साखर.

क्रीम या पदार्थाची एक गंमत आहे. तो धड घन नाही, धड द्रव नाही. टूथपेस्ट, ग्रीस, बटरक्रीम ही सगळी एकाच जातीची. ठरावीक मर्यादेपर्यंत ढकललं तर जागचं हलत नाही, मर्यादा ओलांडली की वाहू लागतं. शास्त्रज्ञ या मर्यादेला यील्ड स्ट्रेस म्हणतात. म्हणून तर नोझलमधून पाडलेलं क्रीमचं फूल पाकळ्या सावरून उभं राहतं; स्वतःच्या वजनाने ते ती मर्यादा ओलांडत नाही. पण तापमान वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. फ्रिजमधून काढताना जे क्रीम अर्धा किलोची ओढ सहज सोसतं, तेच तासाभराने हॉलमध्ये हार मानतं. वरचा मजला धाडकन पडत नाही. तो आधी केसभर सरकतो, मग बोटभर, आणि नेमका फोटोच्या वेळी कडेवर येऊन बसतो.

म्हणून जाणत्या केकवाल्या उतारावर काहीच ठेवत नाहीत. खालच्या मजल्याच्या तिरप्या छतात त्या एक गोल खळगा कोरतात, मधल्या मजल्याच्या बुडाएवढा, साधारण १२ सेंटिमीटरचा. या खळग्याचा तळ अगदी आडवा, सपाट. उतरत्या बाजूला तो छताच्या पातळीतच सुरू होतो आणि उंच बाजूला सव्वातीन सेंटिमीटर खोल जातो. मधला मजला त्यात बसवायचा. त्याचं बूड सपाट जागेवर सपाट टेकलं. घसरायला उतारच उरला नाही.

जुन्या घरांतली मडक्यांची उतरंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. मडक्याचं बूड गोल, स्वतःच्या बळावर ते जमिनीवर नीट उभंही राहत नाही. पण खालच्या मडक्याच्या तोंडात बसलं की हलत नाही, आणि त्यावर तिसरं, चौथं, पाचवं चढवत छतापर्यंत जाता येतं. वरच्याने खालच्यात थोडं बुडायचं आणि खालच्याने त्याला काठाने धरायचं, एवढाच करार. केकमधला खळगा तोच करार पाळतो.

पण मग वाकडेपणा दिसतो कुठून? इथे आपला डोळा फसतो, आणि फार मनापासून फसतो. मधल्या मजल्याचं खरं बूड खळग्यात लपलेलं असतं. आपल्याला दिसते ती फक्त एक रेघ, जिथे मधल्या मजल्याची भिंत खालच्या छतातून बाहेर येते ती. छत तिरपं, म्हणून ती रेघही तिरपी. डोळा त्या रेघेलाच मधल्या मजल्याचं बूड मानून बसतो. बूड तिरपं, वरचं छतही तिरपं, तेव्हा अख्खा मजलाच कललेला असणार असा निकाल मेंदू क्षणात देऊन टाकतो. वरून सजावटही खोटी साक्ष देते. उभ्या पट्ट्या मुद्दाम तिरप्या लावतात, चौकटी एका बाजूला ताणतात, आणि सांध्यावर क्रीमच्या मण्यांची माळ घालून खळग्याची फट झाकून टाकतात. त्या माळेला सगळे सजावट समजतात. प्रत्यक्षात ती पुरावा दडवण्यासाठी असते.

आता वजनाचं बघू, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. एक बाजू १०.७ सेंटिमीटर आणि दुसरी ५.३, म्हणजे एका कडेला दुसरीच्या दुप्पट केक. याचा गुरुत्वमध्य किती सरकला असेल? बघणाऱ्याला विचारलं तर तो दोन-तीन इंच म्हणेल. गणित केलं तर उत्तर येतं साधारण ८ मिलिमीटर. बुडाची त्रिज्या सात-आठ सेंटिमीटर असताना वजनाचा मध्य एक सेंटिमीटरसुद्धा ढळलेला नाही. केक कलंडायला हा मध्य बुडाच्या बाहेर जावा लागतो, आणि तो त्याच्या आसपासही नाही. कारण असं की उंची जिथे सर्वात जास्त आणि सर्वात कमी आहे त्या कडांना गोल आकारात जागाच थोडी असते. केकचा बहुतांश ऐवज मध्याजवळ असतो आणि तिथे उंची बदललेलीच नाही.

त्यात खालचा डावीकडे, मधला उजवीकडे, वरचा पुन्हा डावीकडे अशी रचना असते. ती सुंदर दिसते म्हणून करतात असं वाटतं. पण डावीकडचे आणि उजवीकडचे मिलिमीटर एकमेकांना बरेचसे खोडून काढतात, म्हणजे जितका गोंधळ दिसायला जास्त तितका तोल चांगला. तिन्ही मजले एकाच दिशेला झुकवलेला केक दिसायला कमी विचित्र असतो आणि तोलाला जास्त अवघड.

पिसाचा मनोरा इथे आठवल्याशिवाय राहत नाही, पण ज्या कारणासाठी सगळ्यांना आठवतो त्यासाठी नाही. मनोऱ्याचं बांधकाम ११७३ मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचता पोचता खालच्या मऊ मातीने दगा दिला. पुढे काम पुन्हा हाती घेतलं तेव्हा गवंड्यांनी कललेला मनोरा सरळ दिसावा म्हणून वरचे मजले एका बाजूला जरा उंच बांधले. मनोरा खचतच राहिला आणि या दुरुस्तीमुळे त्याला वर किंचित बाकही आला. म्हणजे पिसाच्या गवंड्यांनी वाकडं होतं ते सरळ दाखवायला एक बाजू उंच केली, आणि आपल्या केकवाल्या सरळ आहे ते वाकडं दाखवायला एक बाजू उंच करतात. कृती तीच, हेतू उलटा. इतकी शतकं पिसाकडे लोक श्वास रोखून बघतात तो कल आज सुमारे ४ अंशांचा आहे. वाढदिवसाच्या केकचा १५ अंशांचा. खरोखर तेवढा कललेला मनोरा कुणी पाहायला जाणार नाही, कारण तो उभाच राहणार नाही.

खळग्याने घसरण थांबवली, पण वजनाचं काय? स्पंज हा मुळात हवेचा पदार्थ. त्याच्यावर दोन मजले ठेवले तर तो दबतो, कडेचं क्रीम फुगून बाहेर येतं. म्हणून प्रत्येक मजल्याच्या बुडाशी पुठ्ठ्याची चकती असते आणि खालच्या मजल्यात उभ्या काड्या खुपसलेल्या असतात. त्यांना डॉवेल म्हणतात. लाकडी चालतात, पण घरी बहुतेक जणी जाड स्ट्रॉ वापरतात. वरच्या मजल्याचं वजन चकतीवर, चकतीवरून स्ट्रॉवर आणि स्ट्रॉवरून खालच्या लाकडी पाटावर उतरतं. केक मध्ये नुसता भरलेला असतो. आरसीसीच्या इमारतीत वजन खांब पेलतात आणि विटांच्या भिंती आडोशापुरत्या असतात, तसलाच हा मामला.

सरबत प्यायची नळी दोन किलो वजन कसं पेलते याचं उत्तर लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच देऊन ठेवलं आहे. उभी बारीक काठी वजनाने चिरडली जात नाही, ती आधी मधून वाकते. आणि किती वजनाला वाकेल हे तिच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असतं. लांबी निम्मी करा, ताकद चौपट होते. खळग्याचा तळ केकच्या आत खाली असल्यामुळे तिथल्या नळ्या जेमतेम साडेसहा सेंटिमीटरच्या लागतात. एवढ्या आखूड नळ्या, त्यातही सहा-सात, आणि चारही बाजूंनी केकने धरून ठेवलेल्या. वाकायला त्यांना वावच नसतो. खळग्याचा तळ सपाट असण्याचा आणखी एक फायदा इथे कळतो. सगळ्या नळ्या सारख्याच लांबीच्या कापायच्या. एक खुपसून खूण करा, तिच्या मापाने बाकीच्या कापा. एखादी अर्धा सेंटिमीटर उंच राहिली तर सगळं वजन तिच्यावर येतं आणि मग खरोखरचा वाकडा केक तयार होतो, जो कुणीच मागवलेला नसतो.

या सगळ्यात केकची चव हा विषय मागे पडतो, अशी तक्रार मी ऐकली आहे आणि ती अर्धी खरी आहे. हलका, कापसासारखा स्पंज असल्या कोरीव कामाला चालत नाही. तो सुरीखाली चुरतो. त्यापेक्षा भरीव, बारीक जाळीचा केक हवा, लोणी किंवा चॉकलेट भरपूर असलेला. त्यात आपल्याकडे निम्म्या ऑर्डरींत पहिलीच अट असते, अंडं नको. अंड्यातली प्रथिनं भट्टीत गोठून केकचा सांगाडा धरतात. ती नसली की काम कंडेन्स्ड मिल्क, दही आणि सोडा-व्हिनेगरवर येतं. चव छान लागते, पण केक नाजूक होतो. यावर उपाय फ्रिजचा. भाजलेला केक प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर थंड केला की त्यातलं लोणी घट्ट होतं, मैद्यातला स्टार्चही कडक होत जातो आणि सकाळी सुरी सरळ रेषेत चालते. शिळ्या पोळीचा कडकपणा ज्या कारणाने येतो त्याच कारणाने इथे काम सोपं होतं. गरम केक कोरायला घेणं ही नवख्या बेकरची सर्वात महागडी घाई.

भाजतानाच केक मधून फुगला तर? तो फुगतोच, कारण भांड्याची कड आधी तापते, कडेचा केक आधी गोठतो आणि मधला मात्र वर चढत राहतो. आच कमी ठेवली, १६० अंशांच्या आसपास, आणि भांड्याभोवती ओल्या कापडाची पट्टी बांधली की कड हळू तापते आणि केक बराचसा सपाट येतो. ओटीजी नसलेल्या घरांत शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून केक होतोच. त्याला आच सगळीकडून सारखी लागत नाही, म्हणून तिथे आणखी धीर धरावा लागतो.

आणि आता नागपूरचा उन्हाळा.

लोणी वितळतं ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास. चॉकलेट तोंडात टाकताच विरघळतं ते यामुळेच. शरीराचं तापमान त्याच्या थोडंसं वर असतं. म्हणजे एप्रिल-मेमधली नागपूरची खोली ही केकच्या दृष्टीने तोंडाच्या आतल्यासारखीच. केक खाण्याआधीच खोली त्याला खायला लागते. म्हणून या दिवसांत इथल्या बायका बटरक्रीमच्या वाटेला जात नाहीत. त्या गनाश करतात, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, आणि त्यातलं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतात. थंडीत दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम पुरतं, उन्हाळ्यात तीन भाग चॉकलेट घ्यावं लागतं, पांढरं चॉकलेट असेल तर त्याहूनही जास्त. तिरप्या केकला बाहेरून असा घट्ट गनाशचा थर दिला की तो फ्रिजमध्ये कवचासारखा कडक होतो आणि कोरलेल्या कडा सावरून धरतो.

त्यावर फाँडंट. पिठीसाखर, ग्लुकोज, जिलेटिन, ग्लिसरीन यांचा मळलेला गोळा, लाटून केकवर पांघरायचा. इथे नागपूरची आणखी एक खोडी आडवी येते. साखर गरमीला फारशी भीत नाही, पाण्याला भिते. मे महिन्यातली इथली हवा इतकी कोरडी असते की लाटलेल्या फाँडंटवर पाचच मिनिटांत सुरकुत्या पडतात. म्हणून कूलर लावला, तर कूलर हवा थंड करतो तो पाणी हवेत मिसळूनच. खोली गार होते आणि ओलीही. साखर ते पाणी ओढून घेते, फाँडंट चिकट होतं, चमकायला लागतं, त्याला घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव धरतं ते वेगळंच. एसी असलेली एक खोली असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर पहाटे चार वाजता उठून लाटणं हातात घेणं हा इथला मान्यताप्राप्त मार्ग आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर फाँडंट दिसायला जितकं सुंदर तितकंच खायला निरर्थक. मुलं ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात आणि बरोबर करतात. असले केक नागपुरात डिसेंबर-जानेवारीतच करावेत, असं मला वाटतं. तेव्हा लोणी शहाण्यासारखं वागतं आणि बाजारात आंबिया बहराचा संत्राही असतो. त्याची ताजी साल किसून चॉकलेटच्या केकमध्ये घातली की आतला केक बाहेरच्या नाटकाच्या तोडीचा होतो. फक्त पिवळं तेवढंच किसायचं, पांढरं आलं की कडवट.

साखर गरमीला भीत नाही या गोष्टीचा सर्वात थक्क करणारा वापर आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी ब्रिटनमध्ये केक-सजावटकार एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकून घेतलं. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर यांचं हे मिश्रण वाळलं की टणक होतं. इंग्रजी राजघराण्यातल्या लग्नांच्या केकवरची जाळी त्याचीच. आपल्याकडे अंड्याची अडचण, म्हणून त्यांनी अंड्याशिवायचं रॉयल आयसिंग वापरलं आणि त्यातून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती उभी केली. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने २०२२ मध्ये त्याची दखल घेतली. ते काम ओळंब्यात सरळ आहे, आपल्या केकसारखं लबाड नाही. पण साखरेत केवढी वास्तू उभी राहू शकते याची मर्यादा डोक्यात ठेवायची असेल तर ते फोटो जरूर पाहा.

केक तयार झाला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं रस्त्यावर असतं. सक्करदरा चौकातून उमरेड रोडवरच्या एखाद्या लॉनपर्यंत केक न्यायचा तर वाटेत गतिरोधक, गाई, आणि अचानक वळणारा ऑटो हे ठरलेलं. गाडीने जरा जोरात ब्रेक मारला की केकच्या दृष्टीने अख्खी जमीनच पुढच्या बाजूला तिरपी होते. गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश एवढा ब्रेक केकला १७ अंशांच्या उतारावर ठेवल्यासारखा असतो. खरोखर १५ अंश कललेला केक असेल तर त्याला त्या क्षणी ३२ अंशांचा उतार मिळतो आणि पुढचं सांगायला नको. आतून सपाट असलेल्याला तेवढे १७ अंशच सोसायचे असतात, आणि खळग्याच्या भिंती त्याला धरून असतात. तरीही शहाण्या बायका मजले वेगवेगळ्या खोक्यांत नेतात आणि जागेवर जोडतात. मध्यातून खालपर्यंत जाणारी एक लांब, पेन्सिलसारखी टोक केलेली लाकडी काठी शेवटी ठोकतात, आणि सांध्यावरची मण्यांची माळ तिथेच घालतात. गाडीत केक डिकीच्या सपाट तळावर ठेवायचा. मांडीवर नाही, मांडी कधीच सपाट नसते.

बाजारात थर्मोकोलच्या तयार पाचरी आणि खालून वरपर्यंत नटबोल्टने आवळायचे स्टँडही मिळतात. त्यांवर मजले खरोखर तिरपे बसतात. दुकानांना ते परवडतं आणि वेळही वाचतो. पण त्यात डोळ्याची ती गोड फसवणूक नाही. सगळं बळ लोखंडाचं. मी तरी त्यांना अर्धे गुणच देईन.

करून पाहायचं असेल तर दोनच मजल्यांपासून सुरुवात करा, एक २० सेंटिमीटरचा आणि एक १२चा. कोरण्याआधी कागदावर उभा छेद काढा. पाच मिनिटं जातात आणि एक केक वाचतो. खळग्याचा तळ तपासायला पाणसळ नसेल तर फोनमधलं लेव्हलचं ॲप चालतं, फोनखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा म्हणजे झालं. विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी घरगुती बेकरलाही लागते, ती ऑनलाइन होते. आणि टूथपिक वापरून काहीही जोडू नका. कापताना आधी मधली काठी ओढून काढा, वरचा मजला चकतीसकट उचलून बाजूला ठेवा, मगच खालच्याला सुरी लावा. लहान मुलांच्या ताटल्या भरण्याआधी नळ्या मोजा. सात घातल्या असतील तर सात निघाल्या पाहिजेत.